पाणी दिल्यावर नरम पडणारा धातू

पोलादाला पाणी दिलं की ते कडक होतं. नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत काम शिकायला आलेल्या पोराला हे पहिल्या आठवड्यातच कळतं. त्यामुळे ५३० अंशांच्या भट्टीतून काढून पाण्यात सोडलेली अ‍ॅल्युमिनियमची कांडी मी काकांच्या हातात दिली, तेव्हा त्यांनी तिच्यावर कानस एकदाच फिरवली आणि कांडी मला परत केली.

"ही तर आधीपेक्षा नरम झाली. भट्टी चुकली तुझी."

भट्टी चुकली नव्हती. पण हे काकांना पटायला दोन दिवस लागले, आणि ते पटवलं त्या कांडीनेच.

मी अंबडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, बारा वर्षं झाली. नोकरी सांभाळून एम.ई.ला प्रवेश घेतला आणि प्रोजेक्टसाठी विषय निवडला तो हा: ६०६१ जातीचं अ‍ॅल्युमिनियम काटकोनी वळणाच्या भोकातून पुन्हा पुन्हा दाबून काढायचं, त्याला उष्णतेची प्रक्रिया द्यायची आणि त्याची ताकद किती वाढते ते पाहायचं. या पद्धतीला इक्वल चॅनेल अँग्युलर प्रेसिंग म्हणतात, तोंडी बोलताना नुसतं ईकॅप. १९७० च्या दशकात व्लादिमीर सेगल यांनी मिन्स्कमध्ये ती काढली. पुढे उफा शहरातल्या रुस्लान वालिएव यांच्या कामामुळे ती जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचली.

कल्पना साधी आहे आणि मला ती पहिल्यापासून फार सुंदर वाटत आली आहे. पट्टी लाटली की पातळ होते, तार ओढली की बारीक होते. म्हणजे धातूला जितकं मळावं तितका तो हातातून संपत जातो. इथे मात्र आत जायचं भोक आणि बाहेर यायचं भोक एकाच मापाचं असतं. कांडी वळणावर कातरली जाते, आतून पार घुसळून निघते, आणि बाहेर येते ती त्याच जाडीची. म्हणून तीच कांडी पुन्हा घालता येते. पुरणपोळीची कणीक आपण तिंबतो, ती संपत नाही, तसंच. आमच्या साच्याच्या कोनावरून मी हिशेब केला: चार फेऱ्यांत कांडी जितकी मळली जाते तितकं लाटून मळायचं म्हटलं, तर १२ मिलिमीटरची पट्टी जेमतेम ०.३ मिलिमीटरवर आणावी लागेल.

साचा करून द्यायला काका तयार झाले. त्यांची छोटी टूलरूम आहे, दोन लेथ, एक मिलिंग, एक सरफेस ग्राइंडर आणि ६० टनांची जुनी हायड्रॉलिक प्रेस. घराणं मूळचं तांबटांचं. जुन्या नाशकात तांबट लेनमध्ये त्यांचे वडील हंडे, घंगाळी, बंब घडवायचे. काकांनी लहानपणी भाता ओढला आहे. मी कागदावर आकृती काढून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे ठोकायचंच आहे, फक्त बाहेरून नाही, आतून." इतक्या नेमक्या शब्दांत माझ्या गाइडनेही मला हे सांगितलं नव्हतं.

सुरुवात मात्र वाईट झाली. ६०६१ म्हणून विकत आणलेल्या कांड्या मी आमच्या स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर, तपासल्या, तर त्या ६०६३ या दुसऱ्याच जातीच्या निघाल्या. तांबं जवळपास नाही, क्रोमियम नाही, मॅग्नेशियम कमी. ६०६१ मध्ये मॅग्नेशियम ०.८ ते १.२ टक्के आणि तांबं ०.१५ ते ०.४ टक्के असायला हवं. दिसायला दोन्ही कांड्या सारख्याच, वजनाला सारख्याच, दुकानदाराच्या बिलावर नाव ६०६१. तपासलं नसतं तर सहा महिन्यांचं काम चुकीच्या धातूवर झालं असतं, आणि माझे सगळे आकडे पुस्तकातल्या आकड्यांपेक्षा कमी का, या विचारात मी बसले असते. कुणीही हे काम करणार असेल तर कांडीला कानस लावायच्या आधी स्पेक्ट्रो करून घ्यावा. दुसरा लॉट टेस्ट सर्टिफिकेटसकट मागवला, त्यात तीन आठवडे गेले.

साचा डी-२ पोलादाचा, दोन अर्ध्या भागांत. प्रत्येक भागात बॉलनोज कटरने १२ मिलिमीटरची अर्धगोल खाच, मध्ये ९० अंशांचं वळण, बाहेरच्या कोपऱ्याला थोडी गोलाई. व्हॅक्यूम हार्डनिंग करून आणल्यावर काकांनी दोन रविवार खर्चून आतली वाट हाताने लॅप केली, म्हणजे घासून गुळगुळीत केली. दसऱ्याला मशिनींची पूजा झाली तेव्हा साचाही झेंडूची फुलं वाहून ओळीत ठेवला होता. दुसऱ्या दिवशी पहिली कांडी दाबली आणि तिला ढकलणारा दांडा, प्लंजर, वाकला.

मला रडू आलं, पण चूक हिशेबाची होती. १२ मिलिमीटर जाडीचा प्लंजर ९० मिलिमीटर बाहेर उघडा उभा, वरून सहा-सात टनांचा दाब. ऑयलरचं सूत्र डिप्लोमाला शिकले होते. ते लावून पाहिलं तर आमचा प्लंजर साडेसहा टनांच्या आसपासच वाकायला हवा होता, आणि वाकला तो तिथेच. काकांनी तोडगा काढला. दोन प्लंजर करायचे, एक आखूड, एक लांब. आधी आखडाने कांडी अर्धी आत ढकलायची, मग लांब घालायचा. म्हणजे लांब प्लंजरचा बराच भाग साच्याच्या भिंतींनी धरलेला राहतो आणि त्याला वाकायला जागा मिळत नाही. दुसरी अडचण होती साच्याच्या फटीची. दाबाखाली दोन भाग केसभर उघडायचे आणि त्या फटीत अ‍ॅल्युमिनियम कागदासारखं पसरायचं. त्यासाठी बाहेरून जाड पोलादी कडं घट्ट बसवलं. वंगणाला मोलिब्डेनम डायसल्फाइडची काळी पेस्ट. ती नखांतून आठवडाभर निघत नाही.

आता त्या नरम पडलेल्या कांडीकडे येते.

६०६१ मधली ताकद मॅग्नेशियम आणि सिलिकॉनमुळे येते. ५३० अंशांना दोन तास ठेवलं की ही दोन्ही मूलद्रव्यं अ‍ॅल्युमिनियममध्ये पूर्ण विरघळतात. मग झटकन पाण्यात टाकलं की त्यांना बाहेर पडायला वेळच मिळत नाही, ती अडकून राहतात. त्या क्षणी धातू नरम असतो. पोलादात पाणी देताच आतली रचनाच बदलते आणि ते कडक होतं. इथे पाणी देणं म्हणजे फक्त तयारी. कडकपणा नंतर येतो, हळूहळू, अडकलेले अणू एकमेकांना शोधून बारीक पुंजके करू लागतात तेव्हा. १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना हे अवचित सापडलं. पाणी दिलेल्या मिश्रधातूची कठीणता त्यांनी शनिवारी मोजली आणि उरलेली मोजमापं सोमवारी घेतली, तर तोच तुकडा जास्त कठीण झालेला होता, असं सांगतात. त्यातूनच ड्युरॅल्युमिन आलं आणि विमानं धातूची होऊ लागली. ते पुंजके नेमके काय असतात हे १९३८ मध्ये गिनिए आणि प्रेस्टन या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्ष-किरणांनी दाखवलं. विल्म यांच्या शोधानंतर तब्बल बत्तीस वर्षांनी.

काकांसाठी मी तोच प्रयोग केला. आमच्याकडे सुट्टी शनिवारी असते. शुक्रवारी संध्याकाळी पाणी दिलेल्या कांडीच्या तुकड्यावर व्हिकर्स कठीणता घेतली (हिऱ्याचं टोक दाबून उठलेल्या ठशावरून ती मोजतात, आकडा मोठा तितका धातू कडक), ५६ आली. तुकडा काकांच्या टेबलावर ठेवून दिला. रविवारी सकाळी त्यांच्यासमोर पुन्हा घेतली, ६८. भट्टी नाही, हातोडा नाही. काकांनी तो तुकडा उलटापालटा करून बराच वेळ पाहिला. "पडल्या पडल्या कडक झाला," ते म्हणाले. त्या दिवसापासून हे काम माझ्याइतकंच त्यांचंही झालं.

पण यामुळे एक नवी अडचण कळली. कांडी पाण्यातून काढल्यापासून घड्याळ सुरू होतं. भट्टी कॉलेजच्या लॅबमध्ये, प्रेस अंबडला, आणि दाबायला सुट्टीचाच दिवस. मधल्या दिवसांत कांडी आपोआप मुरत गेली तर प्रत्येक कांडी वेगळ्या अवस्थेत दाबली जाणार. इथे बाबांनी सांगितलेली गोष्ट कामाला आली. ते ओझरला विमानांच्या कारखान्यात होते. काही जातीचे रिवेट पाणी दिल्यावर लगेच फ्रीझरमध्ये ठेवतात, म्हणजे ते नरम राहतात आणि ठोकून बसवल्यावर मग कडक होतात, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. मी कांड्या थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून घरी आणल्या आणि फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी ठेवल्या. आईने प्रत्येक पुडीवर तारीख घातलेली चिठ्ठी चिकटवली.

दाबायचं काम संथ असतं. ६० मिलिमीटरची कांडी आत गेली की ती स्वतःहून बाहेर येत नाही, पुढची कांडी तिला ढकलते. बाहेर येते तेव्हा पुढचं टोक जिभेसारखं तिरकं झालेलं असतं आणि अंग किंचित फुगलेलं, १२.१ मिलिमीटरपर्यंत. मग लेथवर हलका हात फिरवून ती पुन्हा मापाला आणायची, टोकावर पंचाने खूण करायची आणि पुढच्या फेरीत ९० अंशांनी फिरवून घालायची. दर वेळी त्याच दिशेने ९० अंश, या मार्गाला बीसी म्हणतात. असं फिरवल्याने कातरण्याचं प्रतल बदलत राहतं आणि आतले दाणे, म्हणजे धातू ज्या बारीक स्फटिकांचा बनलेला असतो ते, सगळीकडून तुटून सारखे बारीक होतात. एकदा मी खूण करायची विसरले, ती कांडी बाजूला काढावी लागली. फेरीगणिक दाब वाढत गेला. पहिल्या फेरीला सहा-सात टन, चौथीला दहाच्या घरात. प्रेसचा काटा पाहूनच कळायचं, आतला धातू आता तो राहिलेला नाही.

काकांनी विचारलं, दाणे बारीक झाले तर ताकद का वाढते? मी त्र्यंबकेश्वरच्या दर्शनाच्या रांगेचं उदाहरण दिलं. अख्खी रांग एकदम कधी हलत नाही. पुढे एक जागा मोकळी होते, मागचा माणूस तिथे सरकतो, मग त्याच्या मागचा, आणि ती मोकळी जागा मागे मागे जात राहते. धातू वाकतो तोही असाच. अणूंच्या रांगेत एक चूक असते, तिला डिसलोकेशन म्हणतात. ती सरकत जाते आणि धातू थोड्याशा जोरावर आकार बदलतो. दाण्याची सीमा म्हणजे रांगेचं वळण. वळणावर ही चूक अडते. दाणे जितके बारीक तितकी वळणं जास्त. हे नातं १९५१ मध्ये हॉल यांनी आणि १९५३ मध्ये पेच यांनी मांडलं. आणि मॅग्नेशियम-सिलिकॉनचे पुंजके म्हणजे रांगेच्या मधोमध रोवलेले खांब. मला दोन्ही हवं होतं, वळणंही आणि खांबही.

चार फेऱ्यांनंतर काप घेतला, १२०० नंबरच्या कागदापर्यंत घासला, डायमंड पेस्टने चकाकवला आणि कठीणता घेतली. सरासरी १२४. न दाबलेल्या, पण टी-६ प्रक्रिया (पाणी देऊन मग ओव्हनमध्ये मुरवायची ठरलेली पद्धत) दिलेल्या कांडीची माझ्याच मशिनवर १०९ आली होती. म्हणजे नुसत्या दाबण्यानेच आम्ही टी-६ च्या पुढे गेलो होतो, आणि खांब अजून रोवायचेच होते.

टी-६ ची शेवटची पायरी पुस्तकात स्पष्ट दिली आहे: १७५ अंशांच्या आसपास आठ तास. मी कांड्या ओव्हनमध्ये ठेवायला निघाले तेव्हा काका म्हणाले, "इतकं ठोकलेल्या धातूला ताव देतेयस? नरम पडेल."

मी म्हटलं, "काका, हे तांबं नाही. यात उष्णतेने कडकपणा येतो."

आठ तासांनी कठीणता ९८.

मशिन बिघडलं म्हणून प्रमाणित ब्लॉकवर तपासलं, मशिन बरोबर होतं. दुसरी कांडी, तिसरी कांडी, आकडा शंभराच्या खालीच. चार फेऱ्यांची सगळी मेहनत करून मी न दाबलेल्या कांडीच्याही खाली आले होते. त्या रात्री पाथर्डी फाट्यापर्यंत गाडी चालवत आले आणि फाट्यावर थांबून गाइडना फोन लावला. ते शांतपणे एवढंच म्हणाले, "वेळ आणि तापमान कुठल्या धातूसाठी लिहिलंय ते बघ."

तेच खरं होतं. पुस्तकातले आठ तास साध्या, न मळलेल्या धातूसाठी आहेत. मळलेल्या धातूत डिसलोकेशनची दाटी इतकी असते की मॅग्नेशियम आणि सिलिकॉनच्या अणूंना धावायला जणू हमरस्तेच मिळतात. जे काम एरवी आठ तासांत होतं ते फार लवकर उरकतं, आणि उरलेल्या वेळात बारीक पुंजके एकत्र येऊन मोठे आणि विरळ होतात. चार खांबांच्या जागी एक जाडजूड खांब, बाकी रस्ता मोकळा. त्याच वेळी उष्णतेने डिसलोकेशनही एकमेकांना मिटवत जातात, म्हणजे दाबून कमावलेलंही थोडं हातचं जातं. काकांचा ताव आणि माझी टी-६, दोन्ही गोष्टी एकाच ओव्हनमध्ये एकाच वेळी घडत होत्या. काका अर्धे बरोबर होते, मी अर्धी बरोबर होते, आणि १७५ अंशांना त्यांचा अर्धा भाग जिंकत होता.

मग तापमान खाली आणायचं ठरवलं, इतकं खाली की पुंजके तयार होतील पण डिसलोकेशन फारसे हलणार नाहीत. १३० अंशांना थोडं सुधारलं. १०० अंशांना आकडा आधी हललाच नाही. बारा तासांनी १२७. चोवीस तासांनी १३३. तिथे रात्री वीज गेली, ओव्हन थंड झाला आणि ती सगळी बॅच टाकून द्यावी लागली. जानेवारीतली गोष्ट. निफाडकडून थंडी उतरली होती आणि लॅबमध्ये बोटं गारठत होती. नवीन कांड्या दाबायला आणखी दोन सुट्ट्या गेल्या. या वेळी ओव्हनला इन्व्हर्टर लावला आणि तापमान मोजणारा थर्मोकपल थेट कांडीला बांधला, कारण ओव्हनचा आकडा आणि कांडीचं तापमान यांत आठ अंशांचा फरक निघाला होता. १०० अंशांना आठ अंश कमी नाहीत.

अठ्ठेचाळीस तासांनी १४१ आली. बहात्तर तासांनीही जवळपास तेवढीच.

मी काकांना फोन केला तेव्हा ते जेवत होते. आकडा ऐकून म्हणाले, "मंद आचेवर." आमच्या दोघांच्याही मनात तेव्हा एकच चित्र असणार, शेगडीवर तासन्‌तास आटणाऱ्या दुधाचं.

ओढून तोडायला दोनच नमुने निघाले, कारण दोन्ही टोकं कापून टाकल्यावर ६० मिलिमीटरच्या कांडीतला कामाचा भाग फार थोडा उरतो. दोन्ही चारशे मेगापास्कलच्या आतबाहेर तुटले. टी-६ ची नेहमीची ताकद ३१० च्या आसपास असते. तुटण्याआधी नमुना जितका लांबतो ते लांबणं मात्र कमी झालं, ते लपवण्यात अर्थ नाही. दाणे पाहायला आमचा मायक्रोस्कोप पुरला नाही. केलरच्या आम्ल-द्रावणात बुडवून पृष्ठभाग कोरून पाहिला तर नुसते वाहत गेलेले पट्टे दिसायचे, दाणा असा दिसेचना. प्रकाशाच्या लहरीची लांबीच अर्ध्या मायक्रॉनच्या घरात, त्याहून बारीक वस्तू त्याला कशी दिसणार? नमुना पवईला आयआयटीत पाठवला. चित्र आलं त्यात दाणे अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास होते. मूळ कांडीत तेच पन्नास मायक्रॉनच्या वर होते.

काकांनी ते चित्र मोबाइलवर मोठं करून पाहिलं आणि सरळ विचारलं, "याचं करायचं काय?" प्रश्न रास्त होता. वेल्डिंग केलं तर जोडाजवळची सगळी कमाई जाते. मोठा भाग याने होत नाही. दोन दिवस ओव्हन चालवायचा खर्च आमच्यासारख्या कारखान्याला परवडणार नाही. चिप बनवताना तिच्यावर धातूचा पातळ थर चढवायला लागणारे स्पटरिंग टार्गेट या पद्धतीने बनवले गेले आहेत, तिथे दाण्याचा बारीकपणाच विकत घेतला जातो. आपल्याकडे मला लहान, जास्त ताण सोसणारे, वेल्ड न होणारे भाग दिसतात, बोल्टसारखे. बोल्टचा एक नमुना करून पाहायचं आमचं बोलणं झालं आहे. त्यात आटे पाडण्याआधी मंद आच द्यायची की नंतर, यावर आमचं अजून एकमत नाही. काका म्हणतात आधी, मी म्हणते नंतर.

आत्ता माझ्याकडे ७०७५ च्या सहा कांड्या आहेत. जस्ताचं हे अ‍ॅल्युमिनियम हट्टी असतं, जुनं झाल्यावर थंड दाबलं तर वळणावर चिरा पडतात. पाणी दिल्यावर लगेच दाबलं तरच जमण्याची शक्यता. म्हणून या वेळी काकांनी एक छोटी मफल भट्टी प्रेसच्या शेजारीच आणून ठेवली आहे आणि पाण्याची बादली त्या दोहोंच्या मधे. शनिवारी सकाळी सात वाजता भट्टी लावायची आहे.